दोन माणसं, दोन चिठ्ठ्या

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या बिल्डिंगमधल्या सोळाही दारांच्या बेल वाजवायच्या, हे काम बाबांचं होतं. ते त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. मुलुंड पूर्वेला आमची ही चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी उभी राहिली तेव्हापासून ते स्वतःहून करत आले होते. तळमजल्यापासून सुरुवात करायची, दार उघडलं की एकच वाक्य बोलायचं, "चला, शाळा उघडली." आमचं मतदान केंद्र पालिकेच्या शाळेत असतं, म्हणून. लोक डोळे चोळत हसायचे. कुणी म्हणायचं, "प्रगतिपुस्तक आणू का हो सोबत?" बाबा खिशातल्या यादीवर पेन्सिलीने एक टिंब काढायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. दुपारी तीनला, जे गेले नसतील त्यांच्याकडे दुसरी फेरी.

मला याची लाज वाटायची. मी इंग्रजी शाळेतली. माझ्या मैत्रिणींचे वडील मतदानाची सुट्टी लागली की सगळ्यांना गाडीत घालून लोणावळ्याला न्यायचे, आणि माझे बाबा बनियनवर शर्ट चढवून जिने चढउतार करायचे. ते बेल वाजवत असताना मी बाथरूममध्ये नळ मोठा सोडून ठेवायचे.

बाबा जूनमध्ये गेले. दोन दिवस हॉस्पिटल आणि संपलं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

जुलैमध्ये मी एक काम केलं. मतदार यादीत मेलेल्या माणसांची नावं तशीच राहतात, याचा बाबांना फार राग होता. दर निवडणुकीला यादी हातात आली की ते बोटाने दाखवायचे, "हे गेले, ह्या गेल्या, आणि यादीत बघ, ठणठणीत आहेत." मला वाटलं, त्यांचं स्वतःचं नाव तरी असं राहायला नको. एका दुपारी मी लॅपटॉप उघडून नाव कमी करायचा अर्ज भरला. इंग्रजीतला, कारण मराठी अर्ज मला सावकाश वाचावा लागतो. मतदार कार्डाचा नंबर शोधायला बाबांचं नाव टाकलं, खाली आलेल्यातून नंबर उचलला, मृत्यूचा दाखला जोडला आणि पाठवून दिला. आतल्या खोलीतून आई हाक मारत होती. तेव्हा ती दिवसातून बऱ्याचदा हाक मारायची आणि मी गेले की म्हणायची, "काही नाही, असंच."

दोन आठवड्यांनी यादीचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला. पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आवाज थकलेला होता. "तुमच्या घरातलं एक नाव कमी करायला आलंय, मयत म्हणून. बरोबर ना?" मी म्हटलं, "हो मॅडम." "मी येऊन जाऊ का? घरी कोण असतं?" मला फोनवर बोलायला आवडत नाही. शिवाय एक अनोळखी बाई दारात येऊन आईला विचारणार, तुमच्याकडचं कोण गेलं? ते मला नको होतं. मी म्हटलं, "यायची गरज नाही, दाखला जोडलाय." बाई म्हणाल्या, "बरं झालं बाळा, माझे तीन जिने वाचले." मी फोन ठेवला आणि आईला काही सांगितलं नाही.

आई तेव्हा खाली उतरत नव्हती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. भाजी मी आणायचे, दळण मी टाकायचे. बँकेत सह्या करायला म्हणून ती दोनदा उतरली, तेवढंच. बाकी दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत. टीव्ही लावला तर बघायची, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायची.

पुढे निवडणूक जाहीर झाली आणि सेक्रेटरीकाका वर आले. पाणी प्यायले, आईची चौकशी केली आणि मग माझ्याकडे वळले.

"यंदा बाबांची यादी तू घे."

"मला नाही जमणार काका. मला लोकांशी बोलता येत नाही."

"बोलायचंय कुठे? बेल वाजवायचीय. बेल बोलते."

मी नाही म्हणायच्या आधीच त्यांनी अख्ख्या बिल्डिंगच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला होता. या चिठ्ठीवर मतदाराचं नाव, यादीतला क्रमांक, केंद्राची खोली असं छापलेलं असतं. प्रत्येक घरच्या चिठ्ठ्या एकत्र स्टेपल करून वर खोली नंबर लिहिलेला होता. मी त्या मजल्यांप्रमाणे लावल्या. बाकीच्या घरांच्या उघडून, नाव आणि माणूस जुळवून बघितल्या. आमच्या घरची जुडी हातात आली. वर माझं नाव होतं. खाली अजून एक कागद असल्याचं बोटांना कळलं. दोन माणसं, दोन चिठ्ठ्या. आतापर्यंत आमच्या घरच्या तीन असायच्या. मी ती पिन तशीच ठेवली आणि जुडी ड्रॉवरमध्ये टाकली.

दारोदार जाण्याआधी रात्री मी वाक्यं पाठ केली होती. मतदान हा आपला हक्क वगैरे. पहिल्याच दारात सगळी विसरले आणि चिठ्ठी पुढे करून गप्प उभी राहिले. त्यातून मला एक गोष्ट कळली. आपण गप्प राहिलो की समोरचा बोलायला लागतो. "नाही गं, या वेळी मी जाणारच नाही बहुतेक," असं सुरू व्हायचं. "कोण कुठल्या पक्षात आहे तेच कळत नाही." मग, "मागच्या वेळी ज्याला दिलं त्याने नंतर तोंड नाही दाखवलं." मग थोडा वेळ शांतता. मी तशीच उभी. मग, "नाहीच गेलं तर हे लोक काय म्हणतील, की यांना काही पडलेलीच नाही." आणि शेवटी स्वतःच, "जाईन गं. सकाळी लवकर जाते, ऊन व्हायच्या आत." मी फक्त मान हलवायचे. सहा-सात घरं अशी झाली.

अडल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आंटी. मूळच्या गोराईकडच्या, ख्रिश्चन, आयुष्यभर नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. आमच्यापेक्षा पक्की मराठी बोलतात आणि कुणालाही सोडत नाहीत.

"मला सांग, कोणाला टाकू?"

"कोणालाही टाका आंटी, पण जा."

"कोणालाही म्हणजे? भाजी आहे का, जी ताजी दिसेल ती घ्यायला?"

"मग शेवटचं बटण असतं. कोणीच नको म्हणून."

"त्याच्यासाठी मी गुडघे घेऊन शाळेपर्यंत येऊ? कोणीच नको हे मी घरी बसून पण सांगते." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुझी आई येते का?"

"माहीत नाही."

"ती आली तर मी येते. तिच्याबरोबर. जा, आधी तिला विचार."

तेव्हापासून हे सगळं माझ्यासाठी मताचं राहिलं नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. लोकशाहीवर माझा विश्वास आहे, पण त्या आठवड्यात मला एकच गोष्ट हवी होती. आईने ते तीन जिने उतरावेत.

संध्याकाळी मी तिच्या खुर्चीजवळ बसले. आंटीचा निरोप सांगितला. आई म्हणाली, "मला नाही ठरवता येत कुणाला द्यायचं."

मला खरंच वाटायचं की बाबा सांगतील त्याला आई मत देते. मी तसं म्हटलंही. "बाबांनी ज्याला दिलं असतं त्याला दे ना."

आई हसली. बऱ्याच महिन्यांनी. "त्यांनी कुणाला दिलं असतं ते मला ठाऊक आहे. मी कुणाला देते ते त्यांना कधीच कळलं नाही."

"म्हणजे?"

"तीस वर्षं. शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत विचारत यायचे. याला दिलंस? मग त्याला? मी आपली पुढे बघून चालायची. एकदा तर रुसून दोन दिवस जेवले नाहीत नीट. तरी नाही सांगितलं. ठरवायला काय, ठरवेन गो. पण आता घरी येताना कुणापासून लपवू?"

या प्रश्नासाठी मी काही पाठ केलेलं नव्हतं. "मी विचारीन," मी म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिने हो म्हटलं नाही, पण मतदानाच्या दिवशी सकाळी मी सोळा दारांच्या बेल वाजवून वर आले तेव्हा तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि ती ओळखपत्र शोधत होती.

जिने उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. दुसऱ्या मजल्यावर आंटी तयार उभ्या होत्या. लिपस्टिक लावलेली. "मतदानाला चाललोय की लग्नाला?" आई म्हणाली. "पाच वर्षांनी विचारतायत आपल्याला," आंटी म्हणाल्या, "जरा भाव नको खायला?" फोन आत नेता येत नाहीत म्हणून आम्ही सगळे घरी ठेवून निघालो होतो. गेटपाशी सेक्रेटरीकाकांनी आईला बघितलं आणि ते उगाच बागेच्या नळाकडे वळले.

शाळेत बायकांची रांग बरीच लांब होती. वर्गाच्या दाराशी आल्यावर मी जुडीची पिन काढली. वरची चिठ्ठी माझी, ती घेतली. खालची घडी तशीच आईच्या हातात दिली. आईचा चष्मा पर्समध्ये होता. आई पुढे, तिच्यामागे आंटी, मग मी.

आत पहिल्या टेबलावरचा अधिकारी चिठ्ठी घेतो आणि क्रमांक व नाव मोठ्याने वाचतो. बाजूला बसलेल्या पक्षांच्या पोरांना त्यांच्या यादीत खूण करता यावी म्हणून. त्याने आईची घडी उलगडली आणि वाचलं. बाबांचं नाव. आडनावासकट, पूर्ण, शाळेत हजेरी घेतात तसं खणखणीत.

आईने मागे वळून दाराकडे पाहिलं.

ते मी बघितलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर जे होतं ते मी बघितलं, आणि ते मला पुसता येत नाही.

"हे पुरुषाचं नाव आहे," अधिकारी म्हणाला. "मतदार कुठेत?"

"माझे मिस्टर," आई म्हणाली.

"मग त्यांना येऊ दे ना."

"ते गेले."

"कुठे गेले?"

"अरे बाबा, वर गेले," मागून आंटी म्हणाल्या. "देवाघरी. किती विचारशील?"

अधिकारी ओशाळला. त्याने आईचं ओळखपत्र मागून घेतलं, यादीवर बोट फिरवलं. बाबांच्या फोटोखालचीच चौकट आईची होती. तिच्यावर तिरका शिक्का मारलेला होता. त्याने दोनदा बघितलं, शेजारच्याला दाखवलं आणि मग जरा हळू म्हणाला, "ताई, तुमचं नाव कमी झालंय. मयत म्हणून."

पक्षाच्या पोरांपैकी एकाला राहवलं नाही. "मावशी, तुम्ही तर गेलात की!"

आई त्याच्याकडे वळली. "मी गेले आणि मलाच कुणी कळवलं नाही? बारावं तरी नीट केलंत का रे?"

सगळे हसले. अधिकारीसुद्धा. आई हसली नाही. ती टेबलाची कड धरून उभी होती. "मग आता काय करायचं?"

"आज काही करता येणार नाही. नवीन अर्ज भरा, पुढच्या वेळी येईल नाव."

"मी पाच महिन्यांनी स्वतःहून खाली उतरलेय हो," ती म्हणाली. जणू ते एक ओळखपत्र होतं आणि ते चालेल का, असं विचारत होती.

आंटी म्हणाल्या, "मग मी पण नाय टाकत. चल."

"जा गो," आई म्हणाली. "तू तरी जिवंत आहेस." आणि ती बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

आंटींनी मत दिलं. माझी पाळी आली. माझं नाव वाचलं, बोटाला शाई लागली, मी त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. बटण दाबलं, आवाज आला, आणि तिथेच मला जुलैमधली ती दुपार दिसली. आमच्याकडे लग्नानंतर बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मधोमध बसतं. मी शोधायला बाबांचं नाव टाकलं होतं आणि खाली दोन ओळी आल्या होत्या, एक त्यांची आणि एक आईची. आईने हाक मारली होती. मी घाईत खालच्या ओळीतला नंबर उचलला होता. आणि बाई घरी आल्या असत्या तर समोर बसलेली आई त्यांना दिसली असती, म्हणून मीच त्यांना येऊ दिलं नव्हतं.

मला घरात, हॉस्पिटलमध्ये, स्मशानाबाहेर, कुठेच रडता आलं नव्हतं. त्या पुठ्ठ्यामागे आलं. तिथे कुणाला डोकावायची परवानगी नसते. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "मॅडम, झालं का?"

फाटकाबाहेर आल्यावर मी सांगितलं. आंटी दोन पावलं पुढे होत्या. "आई, तो अर्ज मी भरला होता. बाबांचा. नंबर चुकला. तुझा पडला."

आईला समजायला वेळ लागला. मग तिने विचारलं, "त्यांचं नाव काढायला दिलं होतंस? मला न विचारता?"

"हो."

बराच वेळ आम्ही चालत राहिलो. मला वाटलं ती चिडेल, आणि ती चिडली असती तर बरं झालं असतं. सोसायटीच्या गेटपाशी आल्यावर ती म्हणाली, "अख्ख्या बिल्डिंगच्या चिठ्ठ्या उघडून वाचल्यास. आपल्या घरची उघडावीशी वाटली नाही तुला."

उत्तर होतं माझ्याकडे, आजही आहे. तीनच्या जागी दोन नावं मला वाचायची नव्हती. बाहेर सोळा दारं होती आणि त्यातल्या कुठल्याही दारात उभं राहणं मला आमच्या घरात बसण्यापेक्षा सोपं झालं होतं. पण हे तिला सांगायचं म्हणजे पाच महिने तिला खिडकीजवळ एकटी सोडून मी कुठे होते, तेच सांगणं झालं असतं. ते तिला माहीत होतंच.

जिने चढताना तिने माझा हात धरला नाही. कठडा धरला.

दुपारी तीनला मी दुसरी फेरी केली. चार घरं राहिली होती, चारही गेली. सेक्रेटरीकाकांनी पाठ थोपटली.

आईच्या नावासाठी नवा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी भरला, या वेळी मराठीत, प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवून. त्या शिक्षिका बाई चौकशीला घरी आल्या. आईला समोर बसलेलं बघून त्यांचा चेहरा उतरला. "माझंही चुकलं हो, मी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आईने त्यांना सरबत दिलं आणि बाबांचं नाव कमी करायचा कोरा अर्ज मागून घेतला. मी पेन पुढे केलं तर म्हणाली, "तू नको." टेबलावर वाकून, एकेक अक्षर सुटं काढत, तिने तो सगळा स्वतः भरला. मधे दोनदा थांबली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

पुढचं मतदान महापालिकेचं, वर्षभराने. आईचं नाव यादीत आलं होतं, आमच्यापासून लांब, शेवटच्या पानांवर, दुसऱ्या खोलीत. मी तिची चिठ्ठी उघडून तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा लावून वाचली. "आलं वाटतं," म्हणाली. मधल्या काळात ती खाली उतरायला लागली होती. आंटींबरोबर बाजारातही जायची. त्यामुळे मला आशा होती.

सकाळी मी विचारलं, "जाऊया?"

"तू जा. लोकांना बोलाव."

"आणि तू?"

"बघते."

मी सोळा दारांना गेले. आता मला बोलता येतं. चिठ्ठी देताना मी आधी सांगते, उघडा, नाव वाचा, माझ्यासमोर वाचा. आंटी या वेळी सर्वांत आधी जाऊन आल्या. दुपारी मी वर आले तेव्हा चिठ्ठी टेबलावर होती आणि आईने मटारची पिशवी परातीत ओतली होती. साडेपाचला मतदान संपणार होतं.

"आई, अजून वेळ आहे. रिकामं असेल आता."

"माझं मत तेव्हाचं होतं," ती म्हणाली. रागाने नाही. "ठरवलंही होतं मी कुणाला ते. ते तिथेच राहिलं. आता नाही उठावंसं वाटत गो."

मी नेहमीसारखी गप्प राहिले. लोक अशा वेळी स्वतःच बोलायला लागतात आणि बोलता बोलता तयार होतात. आई बोलली नाही. तिने एक शेंग उघडली, मग दुसरी. मी तिच्यासमोर बसले आणि पिशवी रिकामी होईपर्यंत तिच्याबरोबर मटार सोलले. खाली शाळेच्या बाजूने माणसं परतत होती, बोलत, हसत. घड्याळाकडे आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही.